फोटोतलं निळं लुगडं

धर्मपालला राजूरच्या कोळसाखाणीत हजेरीबाबूची नोकरी लागली, आणि त्याच आठवड्यात टेंभीच्या त्या घरात फोटोची गोष्ट निघाली. वस्तीत मॅट्रिक झालेला तो पहिला पोरगा. शाळेच्या दाखल्यावर नाव होतं धर्मा. दोन वर्षांपूर्वी अख्खं घर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलं, तेव्हापासून तो स्वतःचं नाव धर्मपाल लिहू लागला होता, आणि बाकीचेही तसं म्हणायला शिकत होते. आईच्या तोंडी मात्र अजून धर्माच यायचं.

"तिकडं खोलीत एकटाच राहीन," सकाळी भाकर खाताना तो म्हणाला. "भिंतीवर आपल्या घरच्यायचा एक फोटो असला त बरं वाटन. जायच्या आंधी घाटंजीले जाऊन काढून घेऊ."

त्याची आई सत्यभामा चुलीपुढे भाकर थापत होती. तिचा हात थांबला. "काढू," ती म्हणाली. मोठ्या दिराला न विचारता ती कोणत्याही गोष्टीला हो म्हणत नसे, म्हणून धर्मपालनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

तिच्या 'हो'ला कारण होतं. तिचा नवरा संपत आठ वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत गेला. सकाळी वखर घेऊन वावरात गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी नव्हता. त्याचा एकही फोटो नव्हता. जया तेव्हा चार वर्षांची. आता बारा वर्षांची झाली, तरी मधूनच विचारायची, "माय, बाबा कसे दिसत होते?" सत्यभामा सांगायची, "धर्मासारखेच. पण कान मोठे होते." सुरुवातीला सांगायची तेव्हा तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहायचा. सांगून सांगून तो विरत गेला. आता तिला स्वतःला फक्त कानच आठवत, आणि हे ती कोणाला बोलली नव्हती.

घरचा कर्ता भीमराज, संपतचा थोरला भाऊ. माणूस वाईट नव्हता. संपत गेल्यावर त्यानं भावजयीला आणि तिच्या दोन लेकरांना आपल्या ताटातलं खाऊ घातलं, धर्माला घाटंजीच्या शाळेत ठेवलं, फीसाठी एकदा बैल विकला आणि त्याचं नावही काढलं नाही. वस्तीत त्याच्या शब्दाला मान होता. पण मान वाढला तशी एक खोड वाढली. गावच्या पाटलाच्या घरात जी रीत, ती आपल्या घरात असावी, म्हणजे आपल्याला कोणी हलकं म्हणणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. समाजात विधवेनं पाट लावून दुसरं घर करायची चाल होती; भीमराजनं आपल्या घरापुरती ती बंद केली. पाटलाची विधवा बहीण पांढरं नेसायची, म्हणून सत्यभामाही पांढरं नेसू लागली. दरवर्षी दिवाळीला भीमराज बाजारातून दोन जाडीभरडी पांढरी लुगडी आणायचा आणि बायकोच्या, रुक्माबाईच्या हाती द्यायचा. सत्यभामा ती नेसून कापूस वेचायला जायची. महिनाभरात पांढऱ्याचं मातेरं व्हायचं.

फोटोचं ऐकून भीमराज खूश झाला. वस्तीत कोणाच्याच घरी फोटो नव्हता. संध्याकाळी ओसरीवर बसून त्यानं सगळ्यांना बोलावलं आणि कोणी काय घालायचं ते सांगायला सुरुवात केली.

"मी कोट घालीन, अन् फेटा. धर्मपाल, तू पांढरा शर्ट अन् पँट, खाणीत घालाचा तोच. जयाले फुलाफुलाचं पोलकं अन् परकर शिवून घ्या." मग बायकोकडे वळून, "तू ते हिरवं लुगडं नेसजो, जरीच्या काठाचं. गळ्यात एकदाणी घाल."

"अन् सत्यभामा?" रुक्माबाईनं विचारलं.

"तिचं काय हाये? ती आपलं धुवेल पांढरं नेसन. मांगं उभी राहीन, कडेले."

सत्यभामा दाराच्या आड उभी होती. भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी राहायची, आणि बहुतेक वेळा जयाच्या किंवा जावेच्या तोंडून बोलायची. त्या दिवशी ती उंबरा ओलांडून ओसरीवर आली.

"भाऊजी, एक बोलाचं होतं."

भीमराजनं वर पाहिलं.

"आपुन नागपूरले गेलतो तवा सगळे पांढऱ्यात होते," ती म्हणाली. "तुम्ही, बाई, पोट्टे, सगळे. फोटोतही सगळ्यायनं पांढरं घाला. मी बी घालीन. नाही त मले बी रंगाचं घालू द्या."

भीमराजला आधी ते समजलंच नाही. "दीक्षेचं पांढरं वेगळं," तो सावकाश म्हणाला, "अन् तुहं वेगळं."

"तेच त सांगून राह्यली," सत्यभामा म्हणाली.

नागपूरचा तो दिवस तिच्या मनात रुतून बसला होता. मैदानावर नजर जाईल तिथवर पांढरंच पांढरं. लाखो माणसं. तिच्या शेजारी वर्धेकडची एक बाई बसली होती, डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवत तिनं सहज विचारलं होतं, "तुमचे मालक कुठीसा बसले?" सत्यभामाला आधी उलगडा होईना, ही असं का विचारते. मग लक्षात आलं. आज सगळ्याच बाया पांढऱ्यात होत्या. नवऱ्याची कोणती अन् रांडवलेली कोणती, कपड्यावरून ओळखू येत नव्हतं. तिनं गर्दीकडे हात केला आणि म्हणाली, "तिकडं हायेत." खोटं न बोलण्याचं वचन अजून घ्यायचं होतं, त्याला दोन घटका अवकाश होता, म्हणून तिला त्याचं फार वाईटही वाटलं नाही. पण सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्याकडे कीव न करता पाहिलं होतं. गावी परतल्यावर चौथ्या दिवशी बाकीच्या बायांनी आपापली रंगीत लुगडी काढली, आणि ती तेवढी पांढऱ्यात राहिली.

हे सगळं तिला ओसरीवर सांगता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "ती रीत पाटलाच्या घरची हाये. आपुन त्याईचे देव सोडले. त्याईची रीत कायले धरून बसाची?"

भीमराजचा चेहरा उतरला, मग तापला. "लोक काय म्हनतीन? म्हनतीन, पोरगं नोकरीले लागलं अन् मायले पाट लावाचा हाये."

"लावाचा असता त आठ वर्सांआंधी लावला असता, तवा वय होतं माहं," सत्यभामा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी बांगड्या मांगत नाही, कुंकू मांगत नाही. लुगड्याचं बोलून राह्यली."

"इषय संपला," भीमराज म्हणाला आणि उठून गोठ्याकडे गेला.

सत्यभामाच्या लेखी तो तिथं सुरू झाला. शनिवारी ती जयाला घेऊन तीन कोस चालत घाटंजीच्या बाजाराला गेली. वेचणीच्या मजुरीतलं तिनं स्वतःजवळ ठेवलेलं थोडं कनवटीला होतं. जयाच्या परकराचं कापड घ्यायचं म्हणून घरी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, ते तिनं आधी घेतलं. मग शब्बीरच्या दुकानापुढे उभी राहिली. शब्बीर दर बाजाराला पाल लावून लुगडी विकायचा. गिऱ्हाइकाकडे पाहूनच कोणता गठ्ठा सोडायचा हे त्याला कळे. त्यानं सत्यभामाकडे एक नजर टाकली आणि पांढऱ्याचा गठ्ठा पुढे ओढला.

"ते नको," ती म्हणाली. "ते तिकडलं निळं काढा."

"लेकीच्या रुखवतासाठी काय? अभी तो छोटी है."

"माह्यासाठी."

शब्बीरचा हात गठ्ठ्यावरच राहिला. तो जुना दुकानदार. गिऱ्हाइकाच्या घरात डोकावू नये हे त्याला माहीत होतं. त्यानं गुपचूप निळं लुगडं काढून तिच्यापुढे उलगडलं. गडद निळं, दोन बोटं लाल काठाचं. सत्यभामानं पोत चिमटीत धरून पाहिलं, पदर उन्हात नेला, पाठीवर टाकून जयाला विचारलं, "कसं दिसते?"

जया बराच वेळ पाहत राहिली. "माय, तू दुसरीच दिसतं," ती म्हणाली.

"दुसरी नाही, मीच हाओ," सत्यभामा म्हणाली आणि लुगडं घडी करून घेतलं.

फोटोचा दिवस बुधवारचा ठरला. घाटंजीत बाजाराच्या कडेला वाहिदचं फोटोचं दुकान होतं. सकाळच्या उजेडात तो दुकानामागच्या अंगणात फोटो काढायचा, म्हणून लवकर निघायचं होतं. दमणी जुंपून तयार होती. भीमराज कोट-फेट्यात पुढे बसला होता, रुक्माबाई हिरव्यात त्याच्या मागे. तेवढ्यात सत्यभामा निळं नेसून बाहेर आली. अंगावर ना चादर, ना शाल. माघाची थंडी होती, पण तिनं मुद्दामच काही पांघरलं नव्हतं. आजूबाजूच्या दारांतून बाया पाहू लागल्या.

भीमराजनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बदलून ये," तो म्हणाला.

"नाही, भाऊजी."

"मंग या दमणीत बसाचं नाही."

"बरं," सत्यभामा म्हणाली. जयाचा हात धरला आणि रस्त्याला लागली. जयाच्या नव्या परकराचा घोळ धुळीत लोळू नये म्हणून तिनं तो पोरीच्या कमरेला खोचून दिला. पाच-पन्नास पावलं गेली असतील, तोच मागून बुटांचा आवाज आला. धर्मपाल दमणीतून उतरून धावत येत होता. आईच्या बरोबरीला आल्यावर तो नुसता चालत राहिला.

"बूट मळतीन," ती म्हणाली.

"मळू दे. फोटोत पाय येते का नाही कोनाले मालूम."

दमणी त्यांच्या बाजूनं पुढे निघून गेली. रुक्माबाईनं मागे वळून पाहिलं आणि नवऱ्याला काहीतरी म्हटलं, पण बैल थांबले नाहीत. तीन कोस ते तिघं चालले. तुरीच्या वावरांतून सोंगणीला वाकलेल्या बाया कमरेवर हात देऊन उभ्या राहायच्या आणि हे लोक नजरेआड होईतो पाहायच्या. पहिल्या कोसाला सत्यभामाची छाती धडधडत होती. दुसऱ्या कोसाला पाय दुखायला लागले, तेव्हा ती धडधड विसरली. वाघाडी नदीच्या पात्रात उतरून तिघांनी तोंडं धुतली. वर चढताना ती म्हणाली, "धर्मा, त्यायनं बसाले नाही म्हटलं, त तू माह्याजवळ उभा राहू नको. मोठेबाबांजवळ उभा राह्य. त्यायनं तुले शिकवलं."

"फोटो माह्यासाठी हाये न?" धर्मपाल म्हणाला. "मग सगळे पाहिजे."

वाहिदच्या अंगणात भीमराज खुर्चीवर बसून होता. मागे पडदा टांगला होता. त्यावर महालाचा जिना आणि फुलांची कुंडी रंगवलेली. तिपाईवर कॅमेरा, त्यावर काळं कापड. सत्यभामा आत आली तसा भीमराज उठून उभा राहिला.

"वाहिदमिया," तो म्हणाला, "चार जनाईचा फोटो काढा."

वाहिदनं पाच माणसं मोजली. "पाँच हैं न, भाऊ?"

"चार."

बुधवार असला तरी रस्त्यावर माणसं होती. अंगणाच्या कुडावरून तीन-चार जण डोकावले. सत्यभामा पडद्यापुढे गेली आणि रिकाम्या असलेल्या एका खुर्चीवर बसली. दोनच खुर्च्या होत्या. एक भीमराजची, एक रुक्माबाईची. ती रुक्माबाईच्या खुर्चीवर बसली होती.

"उठ तिथून," भीमराज म्हणाला.

"मी तीन कोस चालून आली, भाऊजी. माहे पाय दुखून राह्यले. मी मांगंही उभी राहनार नाही, कडेलेही नाही. तुमच्या भावाचा फोटो नाही. पोरगी मले इचारते बाप कसा होता. उद्या मी गेली अन् तिनं कोनाले इचारलं माय कशी होती, त कोनी सांगावं, मांगं पांढरं काहीतरी होतं म्हनून?"

भीमराजच्या फेट्याचं टोक वाऱ्यानं हललं, तेवढंच.

रुक्माबाई मग पुढे आली. ती बोलायची कमी. नवऱ्यापुढे तर फारच कमी. तिनं वाहिदला विचारलं, "लांब बाक हाये का तुमच्याजवळ?"

बाक होता. दुकानापुढे गिऱ्हाइकं बसायची तो. वाहिद आणि धर्मपालनं तो उचलून आत आणला. रुक्माबाई त्यावर मधोमध बसली, हातानं शेजारची जागा झटकली आणि सत्यभामाला म्हणाली, "ये इकडं. खुर्ची राहू दे." सत्यभामा येऊन तिच्या डाव्या अंगाला बसली. उजवी बाजू रिकामी राहिली. रुक्माबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही येता का? का चौघाईचाच काढावा लागन?"

कुडावर कोणीतरी हसलं. भीमराज बसला. मान मात्र त्यानं पलीकडे वळवून घेतली. धर्मपाल मागे उभा राहिला, जया खाली चटईवर बसली. वाहिदनं काळ्या कापडात डोकं घातलं, बाहेर काढलं, सत्यभामाच्या लुगड्याकडे पाहिलं, काही म्हणायला तोंड उघडलं, आणि भीमराजच्या चेहऱ्याकडे पाहून ते मिटलं. मग तो म्हणाला, "हलू नका," आणि भिंगावरची टोपी काढली.

आठ दिवसांनी धर्मपाल फोटो घेऊन आला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या दोन प्रती. एक घरासाठी, एक त्याच्यासाठी. सगळे ओसरीवर जमले. सत्यभामानं फोटो हातात घेतला आणि आधी तिला आपण कोणती ते कळेना. जावेच्या शेजारी एक बाई बसली होती. चेहरा तिचाच. रोखून समोर पाहणारा. पण लुगडं पांढरं होतं. काठ काळा. जावेचं हिरवं लुगडं काळंभोर उमटलं होतं, जयाच्या परकराची फुलंसुद्धा ठळक आली होती. निळं तेवढं धुऊन गेल्यासारखं झालं होतं.

भीमराजनं तिच्या हातून फोटो घेतला. पाहिला. गेल्या आठ दिवसांत तो पहिल्यांदा हसला. "पाह्य," तो म्हणाला, "मशिनीले बी रीत समजते."

त्यानं स्वतः ओसरीच्या भिंतीत खिळा ठोकला आणि फोटो टांगला. दोन दिवस वस्तीतली माणसं पाहायला येत राहिली. भीमराज प्रत्येकाला कोण कुठे बसलंय ते दाखवायचा, जसं काही त्यांना ओळखूच येणार नव्हतं. एक म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली, "लोक उगाच काहीबाही बोलत होते, निळं नेसली म्हनून. पांढरंच त हाये. बरं केलं, बाई." सत्यभामा त्या वेळी सूप घेऊन अंगणात बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

म्हातारी गेल्यावर ती उठली, घरात जाऊन निळं लुगडं नेसली, ओसरीवर आली आणि खिळ्यावरून फोटो काढला. भीमराज वावरात होता. रुक्माबाई जात्यापाशी बसली होती.

"कुठीसा नेतं?" तिनं विचारलं.

"घाटंजीले."

रुक्माबाईनं थोडा विचार केला, उठली आणि एक धुतलेलं फडकं आणून दिलं. "यात गुंडाळ. उन्हानं खराब होईन."

वाहिदनं तिला दारात पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. त्यानं आधी तिला पाणी दिलं. "बाई, मले मालूम होतं," तो म्हणाला. "हमारी ये प्लेट ऐसीच है. निळं पांढरं येते, लाल काळं येते. सांगनार होतो. पन भाऊंचा चेहरा पाह्यला अन् म्हटलं, घरचं भांडन हाये, आपुन बोलू नाही."

"तुम्ही न बोलल्यानं भांडन मिटलं नाही," सत्यभामा म्हणाली. "आता काय करता येते ते सांगा."

वाहिदनं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. त्याची मोठी बहीण हुस्नाबी बाहेर आली. चष्मा कपाळावर, बोटांना रंग लागलेला. लग्नाच्या फोटोंना हातानं रंग भरायचं काम ती करायची. नवरीचा शालू लाल, दागिने पिवळे, गाल गुलाबी. तिनं फोटो उजेडात नेला, चष्मा डोळ्यांवर घेतला.

"पूरा रंगवू?"

"नाही. फक्त माहं लुगडं."

"गाल थोडे गुलाबी करते. चांगले दिसतील."

"गाल उन्हानं करपले हायेत. तसेच राहू द्या."

हुस्नाबीनं मग एका काडीला कापूस गुंडाळला, बाटलीतला निळा रंग पाण्यात कालवला आणि पहिला हात दिला. फिकट आलं, आभाळासारखं.

"हे नाही," सत्यभामा म्हणाली. तिनं आपला पदर पुढे ओढून फोटोच्या बाजूला मांडला. "हे पाह्य."

दुसरा हात दिला, वाळू दिला. तिसरा दिला. दुपार झाली. दोघी एकाच चटईवर बसून होत्या, मध्ये फोटो आणि पदर. रंग फोटोतल्या रुक्माबाईच्या हातावर जाऊ नये म्हणून हुस्नाबी श्वास रोखून काठावरून काडी फिरवायची. शेवटी तिनं फोटो आणि पदर दोन्ही दारातल्या उन्हात धरले. तिला स्वतःलाच फरक सापडेना. काठाला लाल भरून ती म्हणाली, "इतक्या वर्षांत नवऱ्याच रंगवल्या मी. नुसतं लुगडं कोणी सांगितलं नव्हतं." वाहिदनं पैसे घेतले नाहीत. न बोलण्याची चूक आपली होती, म्हणाला.

सत्यभामा टेंभीला पोचली तेव्हा दिवस मावळायला अजून वेळ होता. ओसरीवर भीमराज वस्तीतल्या दोघा-तिघा जाणत्या माणसांबरोबर बसला होता. रिकामा खिळा त्यानं पाहिला असणार, कारण ती अंगणात शिरताच तो उभा राहिला. सत्यभामा त्यांच्या पुढून गेली. फडकं सोडलं आणि फोटो खिळ्यावर टांगला. काळ्या-पांढऱ्या चार माणसांत ती एकटी निळी होती.

"हे कोनी केलं?" भीमराजनं विचारलं.

"मी करून आनलं."

"उतरव."

"नाही."

"मंग मी उतरवतो."

"उतरवा," सत्यभामा म्हणाली. तिचा पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. "तुमचं घर हाये, तुमचा खिळा हाये. मी उद्या पुन्हा लावीन. परवा उतरवसान त परवा लावीन. पन पांढऱ्यातला फोटो या भिंतीवर राहनार नाही. ते खोटं होतं. मी निळं नेसली होती, साऱ्या घाटंजीनं पाह्यलं."

रुक्माबाई आतून पीठभरल्या हातानं दारात आली होती. "त्याच फोटोत मी बी हाओ," ती म्हणाली. "तो उतरला त मी बी उतरली."

जाणती माणसं कोणी पायाच्या बोटांकडे, कोणी छपराकडे पाहत होती. भीमराज फोटोजवळ गेला. हात वर नेला, पुठ्ठ्याला लावला, आणि तसाच उभा राहिला. इतक्या जवळून त्यानं तो फोटो नीट पाहिला नसावा. त्यात तो स्वतः मान वळवून बसला होता. सगळ्यांचे चेहरे समोर, आणि त्याचा तेवढा अर्धाच आला होता. मग हात खाली आला.

"संपतले निळं आवडत होतं काय?" त्यानं विचारलं. आवाज बदलला होता. त्याला वाट हवी होती. सत्यभामा हो म्हणाली असती, तर चार माणसांत त्याचा मान राहिला असता. मेलेल्या भावाच्या आवडीसाठी भासऱ्यानं एवढं चालवून घेतलं, असं झालं असतं. हे तिला कळलं. तिला त्याची दयाही आली.

"मले मालूम नाही," ती म्हणाली. "मी त्याईले कधी इचारलं नाही. हे मले आवडते."

पायात वहाणा घालून भीमराज वावराकडे निघून गेला. ओसरीवर बसलेली माणसंही मग एकेक करून उठली. फोटो खिळ्यावर राहिला.

चार दिवसांनी धर्मपाल राजूरला निघाला. घाटंजीच्या मोटारपर्यंत पोचवायला भीमराजनं दमणी जुंपली. कोण बसायचं, कोण नाही, हे या वेळी तो बोलला नाही. निळ्या लुगड्यातली सत्यभामा मागच्या बाजूला बसली आणि वाटभर ती आणि भीमराज एकमेकांशी बोलले नाहीत. मोटार यायच्या आधी धर्मपाल म्हणाला, "माय, रंगवेल फोटो मले दे न. माह्याजवळचा तू घे."

"तो तिथंच पाहिजे," ती म्हणाली. "तू पांढराच ने. कोनी इचारलं त सांगजो, निळं होतं म्हनून."

त्या साली दिवाळीला भीमराजनं तिच्यासाठी काहीच आणलं नाही, ना पांढरं, ना रंगाचं. रुक्माबाईला वाईट वाटलं, सत्यभामाला नाही. जुनी दोन पांढरी लुगडी तिनं फाडून गोधडीच्या आतल्या थरात घातली होती. कापसाची वेचणी सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. पुढच्या शनिवारी ती एकटीच बाजाराला गेली, आणि शब्बीरनं तिला पाहून या वेळी कोणताच गठ्ठा आधी ओढला नाही. त्यानं विचारलं, "बोला, काय दाखवू?"